मदत हवी आहे: बरा न होणारा आजार असलेल्या रुग्णाची शुश्रूषा विद्यार्थिनींना कशी शिकवावी?

नमस्कार. जळगाव जिल्ह्यातील तालुक्याच्या गावी असलेल्या एका नर्सिंग स्कूलमध्ये मी ट्यूटर आहे. जीएनएम या नर्सिंग पदविकेच्या दुसऱ्या व तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनींच्या वॉर्डातील आणि गावातील पोस्टिंगची जबाबदारी माझ्याकडे असते. मुली कष्टाळू आहेत. सलाईन लावणे, ड्रेसिंग, कॅथेटरची काळजी यांत त्यांचा हात चांगला बसला आहे. मात्र ज्याचा आजार कधीच पूर्ण बरा होणार नाही आणि ज्याला पुढची वीस वर्षे तो सांभाळत घरीच राहायचे आहे, अशा रुग्णाची शुश्रूषा म्हणजे नेमके काय करायचे, हे त्यांना शिकवण्यात मी कमी पडते आहे, असे अलीकडे सारखे जाणवते.

गेल्या मे महिन्यातला प्रसंग सांगते. तिसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने मधुमेहाच्या एका बाबांची केस स्टडी घेतली होती. वय साठीच्या पुढे, शेतमजुरी, दोन वेळा इन्सुलिन. सुट्टी होण्याच्या दिवशी तिने रंगीत चार्ट समोर धरून व्यवस्थित हेल्थ एज्युकेशन दिले: इन्सुलिन फ्रिजमध्ये ठेवावे, गोड पदार्थ वर्ज्य करावेत, पायांची निगा राखावी. बाबा मान डोलावत राहिले आणि मीही लॉगबुकवर सही केली. तीन आठवड्यांनी साखर चारशेच्या वर जाऊन ते पुन्हा दाखल झाले, तेव्हा तिने नोंद केली, 'रुग्ण औषधोपचारात सहकार्य करत नाही.' मी स्टूल ओढून बाबांजवळ बसले आणि बाटली कुठे ठेवता एवढेच विचारले. घरात फ्रिज नव्हता. बाटली शेजाऱ्यांकडे होती, शेजारी संध्याकाळी शेतातून उशिरा परतत आणि रोज दारात जाऊन उभे राहायची बाबांना लाज वाटे, म्हणून संध्याकाळचे इंजेक्शन राहून जाई. ते खोटे बोलले नव्हते. त्यांना कोणी विचारलेच नव्हते. त्या मुलीच्या स्वतःच्या घरीही फ्रिज नाही, हे मला नंतर कळले. तरीही चार्टवर होते म्हणून तिने ते वाक्य जसेच्या तसे म्हटले होते.

वापरात घेतलेली बाटली 30 अंशांपेक्षा कमी तापमानात साधारण 28 दिवस चालते, हे आम्ही वर्गात शिकवतो. परंतु जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 45च्या आसपास असताना पत्र्याच्या घरात ती ठेवायची कशी, हे आमच्या चार्टवर नाही. आहाराच्या तक्त्याचीही तीच गत. कुठल्याशा पुस्तकातून उतरवलेल्या त्या तक्त्यात ओट्स आणि इडली होती; कळण्याची भाकरी, शेवभाजी, बिबडे यांचा पत्ताच नव्हता. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेक माहेरी आलेली असताना आणि घरात खापरावरचे मांडे व आमरस असताना 'गोड पूर्ण बंद' म्हटले, तर आजीबाई हो म्हणतात आणि दोन्ही खातात. त्यापेक्षा अर्धा मांडा, रस वाटीभरच आणि त्या जेवणात भात नको, असा काही हिशेब बसवून देणे बरे, असे माझे मत आहे. तरी त्यावर आहारतज्ज्ञांचे म्हणणे वाचायला आवडेल.

भाषेचा गुंता निराळाच. रक्तदाबाचे एक आजोबा विद्यार्थिनीला म्हणाले, 'माले काहीच तरास नही, मंग गोयी कसाले लेवू?' प्रश्न रास्त होता, कारण वाढलेला रक्तदाब दुखत नाही. तो मेंदू, हृदय आणि मूत्रपिंड यांचे नुकसान मुकाट्याने करतो. मुलीने उत्तर दिले ते पुस्तकी मराठीत, 'उच्च रक्तदाबाच्या गुंतागुंती टाळण्यासाठी.' ती घरी अहिराणीच बोलते. वॉर्डात, गणवेशात अहिराणी बोलणे कमीपणाचे, अशी समजूत या मुलींनी कुठून करून घेतली आहे, देव जाणे. मी एकदा वर्गात रुग्ण आणि सिस्टर असा संवाद करून घेतला, तर अहिराणी ऐकून सगळ्या हसत सुटल्या आणि तासाचे नाटक झाले.

याखेरीज प्रत्येकीला शाळेजवळच्या वस्तीतले एकेक कुटुंब वर्षभरासाठी देऊन पाहिले. पहिले दोन महिने छान गेले. मग पोस्टिंग बदलली, परीक्षा आली, सुट्टीत मुली गावी गेल्या आणि भेटी थांबल्या. शिवाय प्रात्यक्षिक परीक्षेत गुण मिळतात ते कृतीच्या पायऱ्यांना. रुग्णाचे ऐकून घेण्याला गुण नाहीत, म्हणून मुली ते करत नाहीत, आणि त्यांना दोष तरी कसा द्यावा?

तेव्हा माझी विचारणा अशी: पोस्टिंग तीन-चार आठवड्यांची असताना वर्षानुवर्षांचा आजार विद्यार्थिनींना दिसावा, यासाठी आपण काय करता? रुग्णाचे ऐकण्याचे मूल्यमापन कोणी करत असल्यास ते कसे? आणि सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेलचे (रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराचे) रुग्ण सांभाळणाऱ्यांनी त्यांचा अनुभवही कृपया लिहावा, कारण आमच्या मुली त्या वेदनांना 'कांगावा' म्हणताना मी ऐकले आहे.

प्रतिसाद १

ताई, मी नंदुरबार जिल्ह्यात उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी आहे. आमच्याकडे पोस्टिंगला येणाऱ्या मुलींना मी पहिल्या दिवशी एकच नियम सांगते: 'घेता का?' असे विचारायचे नाही, 'कसे घेता ते दाखवा' म्हणायचे. एका काकांनी असे दाखवले तेव्हा कळले, की मिलीला 40 युनिट असलेल्या बाटलीतले औषध ते मिलीला 100 युनिटच्या सिरिंजने भरत होते. त्या सिरिंजवर 20ची खूण म्हणजे प्रत्यक्षात फक्त 8 युनिट. लाल टोपणाची (40ची) आणि नारिंगी टोपणाची (100ची) अशा दोन्ही सिरिंज मुलींच्या हातात देऊन पाणी भरायला लावा, एकदा पाहिले की विसरत नाहीत.

फ्रिज नसेल तर मोठ्या मडक्यात लहान मडके, मध्ये वाळू, ती रोज दोनदा ओली करायची आणि बाटली झाकणाच्या डबीत घालून आत ठेवायची, पाण्यात नव्हे. खान्देशचा उन्हाळा कोरडा असल्याने मडके चांगले गार राहते. पावसाळ्यात मात्र हवा दमट झाली की तेवढा उपयोग होत नाही. वापरातल्या बाटलीपुरता हा उपाय आहे, साठ्यासाठी नाही.

सिकलसेलबद्दल: 2023 मध्ये राष्ट्रीय अभियान सुरू झाल्यापासून तपासणीवर भर आला आहे, पण तपासणीनंतरचे आयुष्य नर्सनेच सांभाळायचे असते. विळ्याच्या आकाराच्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे ठणकतात. बाहेरून सूज वा जखम दिसेलच असे नाही, म्हणून मुलींना तो कांगावा वाटतो. वेदना किती आहे हे रुग्णानेच सांगायचे आणि तो आकडा तसाच लिहायचा, असे त्यांना बजावावे. आमची कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात. तिथे पाणी कमी पिणे, अतिश्रम आणि पहाटेची थंडी या तिन्हींनी दुखणे उफाळते. निघण्यापूर्वी दुखण्याचे झटके कमी करणाऱ्या हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या पुरतील का, सिकलसेलच्या कार्डाची प्रत जवळ आहे का आणि मुकादमाला आजार ठाऊक आहे का, हे विचारण्याचे काम मी मुलींनाच देते.

धागाकर्तीचे उत्तर

मनःपूर्वक आभार. ते बाबा सध्या आमच्या ओपीडीत येतात, तेव्हा पुढच्या भेटीत त्यांची सिरिंज पाहण्यास त्याच विद्यार्थिनीला सांगणार आहे. मडक्याचे मात्र आधी मी घरी करून पाहते. गुणांचा प्रश्न शिल्लक आहेच. 'रुग्णाने स्वतःच्या शब्दांत काय सांगितले' असा एक रकाना लॉगबुकमध्ये वाढवून तो अहिराणी किंवा पावरीत (पावरा आदिवासींच्या बोलीत) लिहिण्यास मोकळीक द्यावी, असा विचार आहे. त्याला दहापैकी गुण कोणत्या निकषांवर द्यायचे, हे कोणी आधी करून पाहिले असल्यास कृपया निकषांची शब्दरचना इथे द्यावी.