हॉर्सशू बेंडला सासूबाईंना चालवेल का? (गुडघे + ऑक्टोबर)

सॅनहोजेची_सून
नमस्कार मंडळी, सासू-सासरे आलेत सहा महिन्यांसाठी आणि ऑक्टोबरच्या मध्यात आम्ही व्हेगासला उतरून गाडीने अ‍ॅरिझोनातलं पेज गाव, मग ग्रँड कॅन्यनचा साउथ रिम (दक्षिणेकडचा कडा) असा पाच दिवसांचा बेत केलाय. आईंचा एक गुडघा बदललेला आहे आणि दुसरा बदलायचा बाकी. सपाट रस्त्यावर काठी घेऊन पंधरावीस मिनिटं चालतात, मग बसावंच लागतं. बाबा ठणठणीत आहेत, निदान त्यांचं म्हणणं तसं आहे (आम्ही सिंहगड चढलोय हे आत्तापर्यंत अकरा वेळा ऐकलं). पेजजवळ हॉर्सशू बेंड आहे, म्हणजे कोलोरॅडो नदीचं घोड्याच्या नालेसारखं वळण, ते उंच कड्यावरून बघायचं. सगळीकडे लिहिलंय की तिथली वाट छोटी आहे आणि व्हीलचेअरसाठी पण केलेली आहे, पण फोटोत तर नुसता कडा दिसतो, कठडा वगैरे काही दिसत नाही, पाहूनच माझ्या पोटात गोळा आला. कोणी वयस्कर माणसांना घेऊन गेलंय का खरंच? व्हीलचेअर भाड्याने घेऊ की नको? आणि सकाळी जावं की संध्याकाळी? पाच वर्षांचा मुलगा पण बरोबर आहे, तो वेगळाच विषय.

टेंपीकर
पाहुणे आले की पेजची वारी ठरलेली असल्याने चार-पाच वेळा जाणं झालंय, त्यातल्या दोनदा माझ्या वडिलांना व्हीलचेअरवर घेऊन, त्यामुळे जरा लांबण लावतो.

अंतर एका बाजूने साधारण सव्वा किलोमीटर. पूर्वी पार्किंगमधून निघाल्या निघाल्या वाळूची एक टेकडी चढून पलीकडे उतरायला लागायचं, भुसभुशीत वाळूत पाय रुतायचे, आणि जुने व्हिडिओ बघून लोक अजून त्यालाच घाबरतात. आता त्या टेकडीला वळसा घालून जाणारी कमी उताराची रुंद वाट आहे. डांबरी नाही, पण दाबून घट्ट केलेली. वाटेत सावलीसाठी छप्पर घातलेल्या दोन जागा आहेत, तिथे बसता येतं. बाकी पूर्ण रस्त्यात एक झाड नाही.

खरी गोम अशी की जाताना उतार आहे आणि येताना चढ. उतार इतका हळू की कळतच नाही, माणूस बोलत बोलत कड्यापर्यंत पोचतो, फोटो काढण्यात अर्धा तास उभा राहतो, आणि मग थकलेल्या पायांनी, डोक्यावर ऊन घेऊन चढायचं असतं. म्हणजे तुमच्या आईंची पंधरावीस मिनिटं मोजायची ती जातानाची नाही, येतानाची मोजा. पेजची उंची म्हणाल तर कड्यापाशी साधारण ४,२०० फूट, म्हणजे आपल्या पाचगणीएवढीच, त्यामुळे विरळ हवेचा वगैरे बाऊ नको. दम लागतो तो उन्हाने आणि कोरड्या हवेने, घाम येतो आणि लगेच वाळतो, त्यामुळे अंगातलं पाणी कमी होतंय हे लक्षातच येत नाही.

व्हीलचेअर घ्याच, आईंनी नाही म्हटलं तरी. फक्त ती छोट्या चाकांची हलकी घडीची नको, एअरपोर्टवर असते तसली. वाऱ्याने वाटेवर वाळू येऊन पसरते आणि पुढची बारकी चाकं त्यात अडकतात, मी पहिल्या वेळी वडिलांना उलटं फिरवून मागे मागे ओढत आणलंय, लोक बघत होते. मागची चाकं मोठी असलेली घ्या. आणि ढकलायला दोन माणसं.

कठडा आहे. मधल्या भागातच आहे, पण आहे, आणि तिथून नदीचं अख्खं वळण नीट दिसतं. त्याच्या दोन्ही बाजूंना उघडा खडक, खाली हजार फूट. पाच वर्षांच्या मुलाचा हात एका माणसाने धरायचा, आणि त्या माणसाने फोटो काढायचे नाहीत, हे घरूनच ठरवून निघा.

रानवारा
टेंपीकरांना अनुमोदन. पार्किंगचे दहा डॉलर वेगळे पडतात हे पण लिहा, पार्किंग पेज गावाचं आहे, त्यामुळे नॅशनल पार्कचा वार्षिक पास तिथे चालत नाही, आमच्या पुढच्या गाडीतला माणूस त्यावरून बराच वेळ वाद घालत होता आणि मागे आम्ही वीस गाड्या. संडास पार्किंगमध्येच उरकून घ्या, पुढे काही नाही. पाणी भरून न्या.

वेळ म्हणाल तर सूर्यास्ताचा मोह टाळा. तिथून तोंड पश्चिमेला येतं, म्हणजे संध्याकाळी सूर्य थेट डोळ्यात आणि फोटोत नदी काळी. अगदी पहाटे गेलात तर खालच्या नदीवर आपल्याच कड्याची सावली असते. दहा-साडेदहाला ऊन खाली पाण्यापर्यंत पोचतं आणि मग तो हिरवा रंग दिसतो. ऑक्टोबरात दहाचं ऊन सोसतं. जुलै-ऑगस्ट असता तर सांगितलं असतं की आईंना हॉटेलातच ठेवा, पारा शंभर फॅरनहाइटला टेकलेला असतो आणि दुपारनंतर विजा.

खडकखाऊ
हिरव्या रंगाचा विषय निघालाच आहे तर राहवत नाही. कोलोरॅडो या नावाचा अर्थच स्पॅनिशमध्ये तांबूस, कारण ही नदी मुळात लाल गाळाने गढूळ होती, आपल्या पावसाळ्यातल्या कोकणातल्या नद्यांसारखी. हॉर्सशू बेंडच्या वर पाचेक मैलांवर ग्लेन कॅन्यन धरण आहे, ७१० फूट उंच. १९६३ मध्ये तिथे पाणी अडवायला सुरुवात झाली. सगळा गाळ मागे धरणाच्या तलावात, म्हणजे लेक पॉवेलमध्ये बसतो आणि धरणाच्या खोलातून निवळ, गारढोण पाणी पुढे सुटतं. म्हणजे ज्या रंगासाठी सगळे फोटो काढतात तो धरणाने दिलेला रंग आहे. पेज गाव पण त्याच धरणाच्या कामगारांसाठी १९५७ मध्ये वसवलेलं.

आणि वळण कसं झालं हे सासऱ्यांना सांगा, त्यांना आवडेल. नदी आधी सपाट प्रदेशात आळसावून नागमोडी वाहत होती, मग हा सगळा पठाराचा भाग हळूहळू वर उचलला गेला आणि नदीने वळणं न सोडता आहे त्याच वाटेने खाली कापत नेलं. खडक म्हणजे डायनासोरच्या काळातल्या वाळूच्या टेकड्या, दगड झालेल्या. कठड्यापाशी पायाखाली तिरप्या रेघा दिसतील, त्या तेव्हाच्या वाऱ्याने रचलेल्या वाळूच्या. ते बघायला कड्याच्या टोकाला जावं लागत नाही, बसल्या जागी दिसतं.

उंटावरचा_शहाणा
माझं मत जरा वेगळं आहे, शिव्या घाला. कोकणकडा बघितलेल्या माणसाला हॉर्सशू बेंडची एवढी नवलाई वाटणार नाही. हरिश्चंद्रगडावर पालथं झोपून खाली बघायचं, वारा तोंडावर, आजूबाजूला चार माणसं. इथे सेल्फीकाठ्यांची जत्रा, बसच्या बस रिकाम्या होतात. गुडघेदुखीवाल्या बाईंना एवढी यातायात कशाला? पेजच्या बाहेर वाहवीप ओव्हरलुक म्हणून टेकाड आहे, गाडी थेट वर जाते, दार उघडलं की समोर लेक पॉवेल आणि लाल डोंगर. आणि साउथ रिमला तर मॅदर पॉइंटपासून कड्याकडेने पक्का रस्ता आहे, व्हीलचेअर मस्त जाते. तिथे पार्ककडून एक परमिट मिळतं, ज्यांना शटल बसची चढउतार जमत नाही त्यांना ते घेऊन हर्मिट रोडवर स्वतःची गाडी नेता येते, एरवी मार्च ते नोव्हेंबर तो रस्ता खासगी गाड्यांना बंद. ते नक्की मागा.

टेंपीकर
वाहवीप आणि परमिटचं बरोबर आहे, पण कोकणकड्याला काठी घेऊन जाता येतं का हो? इथे येता येतं, हाच तर मुद्दा आहे. माझे वडील पंधरा वर्षांत कुठल्या कड्यावर गेले नव्हते.

उंटावरचा_शहाणा
मान्य.

डब्यातली_पोळी
एक गोष्ट कोणीच नाही सांगितली, घड्याळ!! अ‍ॅरिझोना उन्हाळी वेळ पाळत नाही, पण शेजारचं यूटा पाळतं आणि नावाहो नेशन (नावाहो आदिवासींचा स्वतःचा कारभार असलेला प्रदेश) पण पाळतं, पेज बरोबर मध्ये. फोन कुठल्या टॉवरला चिकटेल त्याप्रमाणे एक तास पुढेमागे उड्या मारतो. ऑक्टोबरात हा घोळ असतोच. हॉर्सशूला फरक नाही पडत पण अँटेलोप कॅन्यनची (पेजजवळची अरुंद दगडी घळ, तिचे लोअर आणि अप्पर असे दोन भाग) टूर बुक केली असेल तर बुकिंगमध्ये कुठली वेळ लिहिलीये ते विचारून घ्या आणि फोनची वेळ हाताने सेट करा. आणि लोअर अँटेलोप आईंसाठी नकोच, उभ्या शिड्या आहेत. अप्पर आतून सपाट आहे पण परत येताना जिने असतात, बुक करतानाच गुडघ्याचं सांगा.

अजून एक, चपला नको. माझ्या आईने हट्टाने चपला घातल्या आणि पायात इतकी वाळू गेली की दर पन्नास पावलांवर थांबा.

सॅनहोजेची_सून
सगळ्यांचे आभार! मोठ्या चाकांची खुर्ची आणि बूट ठरले. बूट घालायला तयार करणं हे वेगळं प्रोजेक्ट आहे, साडीवर स्पोर्ट्स शूज म्हणजे फोटो फेसबुकवर टाकायचे नाहीत अशी अट आहे. जाऊन आले की लिहिते.

सॅनहोजेची_सून
जाऊन आलो, कोणाला उपयोग होईल म्हणून लिहितेय. व्हीलचेअर नेली पण आई जाताना बसल्याच नाहीत, काठी टेकत पहिल्या छपरापर्यंत, बसून पाणी, मग दुसऱ्या छपरापर्यंत, आणि तिथून खुर्चीत. कठड्यापाशी अकराला पोचलो, रंग तुम्ही म्हणालात तसाच. खाली राफ्ट चालले होते ते काडेपेटीच्या काड्यांएवढे. आई बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या हे पाणी वळायला एवढं लांब का गेलं, सरळ का नाही गेलं. मी खडकखाऊंचं उत्तर वाचून दाखवलं, बाबांनी ते लगेच स्वतःचं म्हणून शेजारच्या गुजराती काकांना सांगितलं.

आता गंमत. येताना चढावर आई खुर्चीत, नवरा ढकलतोय, आणि अर्ध्या वाटेवर सिंहगडवाले खाली बसले! टोपी हॉटेलात राहिलेली, पाणी प्यायले नव्हते, कारण मला काय झालंय. लिंबू-मीठ-साखरेचं पाणी होतं बरोबर, ते दिलं, छपरात वीस मिनिटं बसवलं, मग बरे झाले. शेवटचा तुकडा आई उतरल्या आणि बाबा खुर्चीत. हा फोटो मात्र फेसबुकवर टाकायची परवानगी आईंनीच दिलीये.

वाहवीपलाही गेलो, संध्याकाळी, तिथे चिटपाखरू नव्हतं. उंटावरच्या शहाण्यांना थँक्स. हर्मिट रोडचं परमिट पण मिळालं. मुलाला शेवटपर्यंत एकच प्रश्न, घोडा कुठाय.

डब्यातली_पोळी
घोडा 😂 बाबा बरे आहेत ना आता? आणि खुर्ची व्हेगासला घेतली की पेजला?

सॅनहोजेची_सून
एकदम बरे, काल परत सिंहगड निघाला. खुर्ची व्हेगासलाच घेतली, आधी फोन करून मागच्या चाकांचं माप विचारलं. घडी करून डिकीत मावते, पण मग एक बॅग मांडीवर येते, तेवढी तयारी ठेवा.