विषय: छप्पर सोलरला योग्य आहे का? (मेलबर्न)

टार्नीटहून:
नमस्कार मंडळी,
एकमजली कौलारू घर, उतार 22 अंश. मोठी बाजू पश्चिमेला. उत्तरेचा तुकडा लहान, त्यावर इव्हॅपोरेटिव्ह कूलरचा डबा. सेल्समन 6.6 किलोवॉट म्हणतोय: 440 वॉटची 15 पॅनल, 4 उत्तरेला, 6 पश्चिमेला, 5 दक्षिणेला. घ्यावीत का?

ग्लेन वेव्हर्लीहून:
ताई, दक्षिणेची 5 आधी खोडा. पुण्यात पॅनलचं तोंड दक्षिणेला, इथे सूर्य उत्तरेकडून जातो. जूनमध्ये, म्हणजे इथल्या हिवाळ्यात, भरदुपारीही तो जेमतेम 29 अंश वर असतो; दक्षिण उतारावरून किरण नुसते घसरत जातात. वर्षाचा हिशेब धरला तरी उत्तरेपेक्षा पाव भाग उत्पादन सहज जातं. पश्चिमेला तूट 12-15 टक्केच, शिवाय उन्हाळ्यात संध्याकाळी एसी चालू असताना तीच पॅनल कामाला येतात.

आता डबा. 21 जूनला भरदुपारी सपाट जागेवर सावली उंचीच्या 1.8 पट पडते. उत्तर उतार सूर्याकडे झुकलेला, म्हणून तिथे साधारण 1.1 पटच. म्हणजे 90 सेंमीच्या डब्यापासून वर, कण्याकडे, मीटरभर जागा सोडा. पन्हळीच्या बाजूला पॅनल चालेल. सकाळी-दुपारी सावली तिरपी सरकते, तेव्हा दोन्ही कडाही बघा. जूनच्या निरभ्र दिवशी 9, 12 आणि 3 वाजता छपराचे फोटो काढले की सेल्समनच्या सॉफ्टवेअरपेक्षा जास्त कळतं.

खरा प्रश्न मात्र छपराचा नाही, दुपारच्या वापराचा आहे. राज्याचा किमान फीड-इन दर (ग्रिडला दिलेल्या विजेचा मोबदला) 2024-25 मध्ये युनिटला 3.3 सेंट होता, 2025-26 साठी ठरला 0.04 सेंट! ग्रिडला दिलेली वीज जवळपास फुकट गेली समजा. स्मार्ट मीटरचा अर्ध्या तासाचा डेटा उतरवून घ्या आणि 10 ते 4 मधला वापर बघा. उत्तरेचा 1 किलोवॉट इथे वर्षाच्या सरासरीने रोज 3.6 युनिट देतो. घरी दिवसा कोणी नसेल तर वॉशिंग मशीन आणि गरम पाण्याचा हीट पंप टायमरवर टाकता येतो का, ते आधी ठरवा.

डँडेनाँगहून:
दादांचं पटलं, पण छपरावर चढण्याआधी मीटरबोर्ड उघडा. टार्नीटची घरं नवी आहेत. इतरांनी लक्षात ठेवा, 1990 च्या आधीच्या घरांत बोर्डच्या काळ्या पाटीत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ती पाटी बदलण्याचा खर्च कोटेशनमध्ये सहसा नसतो. सिंगल फेजला निर्यातीची, म्हणजे ग्रिडला वीज देण्याची, मर्यादा साधारण 5 किलोवॉट. वितरण कंपनीची मंजुरी पॅनल बसवण्याआधी हवी, नंतर नाही.

गल्लीत सोलर खूप असेल तर उन्हाच्या दुपारी प्लगचा व्होल्टमीटर लावून बघा. 253 व्होल्टनंतर इन्व्हर्टर (पॅनलची डीसी वीज घरच्या एसी विजेत बदलणारी पेटी) हात आखडता घेतो. दहा मिनिटांची सरासरी 258 च्या वर गेली की बंदच. इन्व्हर्टर पश्चिमेच्या भिंतीवर लावू देऊ नका, गॅरेज बरं. कौलं चालताना फुटतात, त्याच मापाची पाच-दहा हाताशी ठेवा.

टार्नीटहून:
म्हणजे उत्तर 4 आणि पश्चिम 6, दोन वेगळ्या स्ट्रिंग (एकामागोमाग जोडलेल्या पॅनलच्या माळा)?

डँडेनाँगहून:
तिथेच गोम आहे. 4 पॅनलची स्ट्रिंग जेमतेम 130 व्होल्टची, छप्पर तापलं की आणखी खाली. इन्व्हर्टरच्या डेटाशीटमध्ये एमपीपीटीचा (पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढणाऱ्या भागाचा) किमान व्होल्टेज वाचा. 130 त्यात बसत नसेल तर मायक्रोइन्व्हर्टर (प्रत्येक पॅनलला आपला छोटा इन्व्हर्टर) घ्या, नाहीतर उत्तर सोडून पश्चिमेलाच 8 बसतात का ते मोजा. एक पॅनल 1.76 बाय 1.13 मीटर धरा.