अनुभव धागा: छोट्या व्यवसायाने मानसिक आरोग्याच्या कामाला केलेली मदत

आडत दुकान, परभणी
दिवाळीपूर्वी दुकानाचे जुने दप्तर आवरताना वडिलांच्या काळातली एक खतावणी हाती लागली. मोंढ्यातल्या आडतींवर तेव्हा धर्मादायाचे वेगळे पान असे आणि त्यातून पाणपोई, गोशाळा, सप्त्याची पंगत असे खर्च होत. त्याच पानावर मधूनमधून ‘येरवडा भाडे’ अशी नोंद आहे. आमच्याकडे माल आणणाऱ्या एका शेतकऱ्याच्या भावाला पुण्याच्या येरवडा मनोरुग्णालयात न्यावे लागे. राज्याची जुनी चार मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी इथली, मराठवाड्यात त्यांपैकी एकही नाही, त्यामुळे उपचारापेक्षा प्रवासच जड जात असे. आमच्या घरात त्या आजाराचा उच्चार कधी झाला नाही, भाडे मात्र वेळेवर जात राहिले. हे पान पुन्हा सुरू करावे असे वाटते. दुकान, खानावळ किंवा कारखाना सांभाळत ज्यांनी या कामाला हातभार लावला आहे, त्यांनी काय उपयोगी पडले आणि काय वाया गेले, ते कृपया लिहावे.

कृषी सेवा केंद्र, जिंतूर तालुका
आमच्या धंद्यात देणगीच्या आधी उधारीचा विचार करावा लागतो. सोयाबीन पाण्यात गेल्यावर बाकीदाराला चारचौघांत हाक मारून वसुली मागायची आणि दुसरीकडे मानसिक आरोग्याच्या शिबिरासाठी पावती फाडायची, हे मला पटत नाही. बाकीचा विषय आम्ही माणूस एकटा असतानाच काढतो आणि गरज असेल तर पुढच्या हंगामापर्यंत थांबतो. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक बिलाच्या मागे छापून घेतला आहे. ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे आणि मराठीत बोलता येते, तरी आमच्या गिऱ्हाइकांत ती फार थोड्यांना ठाऊक होती. फवारणीचे औषधही लागेल तेवढेच, लहान मापात देतो, म्हणजे उरलेले घरात पडून राहत नाही. नफा थोडा कमी होतो, तो होऊ द्यावा.

मेस, लातूर
शिकवणीसाठी आलेल्या मुलांना आम्ही डबे पोहोचवतो. डबा न उघडता परत येऊ लागला की ते सर्वांत आधी डबे नेणाऱ्या आमच्या पोराला कळते; क्लासला कळत नाही आणि गावाकडच्या आईवडिलांना तर नाहीच. अशा मुलाशी मी स्वतः बोलते आणि त्याला विचारूनच घरी फोन करते. रविवारी दुपारी जेवणे आटोपल्यावर एका संस्थेच्या समुपदेशक ताई आमच्या हॉलमध्ये बसतात. भाडे घेत नाही, चहा आमचा असतो. नीटच्या निकालाच्या आठवड्यात त्या रोज येतात. बाहेर फलक मुद्दाम लावलेला नाही, कारण फलक वाचून आत येण्याचे धाडस या वयात कोणी करत नाही.

निवृत्त शिक्षक, नांदेड
ताई, माझा मुलगा लातूरला होता तेव्हा तुमची मेस सापडायला हवी होती. तो कढीचे नाव काढले तरी अजून चिडतो, ती तुमची नसावी अशी आशा आहे!

मेस, लातूर
सर, आमच्या कढीची तक्रार अजून आलेली नाही, पण मुले सभ्य असतात.

करसल्लागार, नांदेड
दोन गोष्टी व्यवहाराच्या. कंपनी कायद्यातील, सामाजिक दायित्वासाठी नफ्याचे २ टक्के खर्च करण्याचा नियम तुम्हा-आम्हाला लागू होत नाही; त्यासाठी निव्वळ संपत्ती ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी लागतो. देणगीवर आयकरात सवलत (१९६१ च्या आयकर कायद्यातले कलम ८०जी) हवी असेल तर २००० रुपयांपेक्षा जास्त देणगी रोखीने देऊ नये, संस्थेकडून देणगीचे प्रमाणपत्र घ्यावे, आणि नवी करप्रणाली निवडली असल्यास सवलत मिळत नाही हे आधीच समजून घ्यावे.

संस्थेची कार्यकर्ती, अंबाजोगाई
आमच्या बाजूने लिहिते. वर्षातून एकदा फळवाटप करून छायाचित्र काढण्यापेक्षा दरमहा पाचशे रुपये येणे आम्हाला कितीतरी मोलाचे वाटते, कारण रुग्णाला दर महिन्याला तपासणीला यावे लागते आणि एसटीचे भाडे दर महिन्याला लागते. आमची खरी अडचण दसऱ्यानंतर सुरू होते. ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात, सोबत रुग्णही जातो, आणि महिन्याभराच्या गोळ्या संपल्या की उपचार थांबून आजार उलटतो. गावातल्या एका किराणा दुकानदाराने यावर मार्ग काढला: त्यांच्या ओळखीचे टेम्पोवाले त्या भागात माल नेतात, तेव्हा डॉक्टरांच्या चिठ्ठीनुसार गावाकडच्या नातेवाइकाने घेतलेल्या गोळ्यांचे बंद पाकीट ते टोळीच्या कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीवर, पोहोचवतात. या मदतीला पैसे जवळजवळ लागत नाहीत, पण ती कोणत्याही शासकीय योजनेतून आम्हाला मिळाली नव्हती.

शिलाईकाम, औसा तालुका
३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर घोंगड्या, भांडी, धान्य सर्व आले. मात्र रात्री छताखाली झोपायला घाबरणाऱ्या बायकांशी बोलत बसायला फारसे कोणी नव्हते. माझ्या सासूबाईंनी पत्र्याच्या शेडमध्ये दोन मशिनी मांडल्या आणि ज्यांना घरी बसवत नसे त्यांना काज-बटणाचे काम दिले. बोलणे आपोआप होत असे, रडणेही होत असे. आमच्याकडे आजही एखादीला माहेरी किंवा सासरी जीव नकोसा झाला तर ती आधी ब्लाउजचे माप द्यायला म्हणून येते.

लेथ वर्कशॉप, वाळूज
आमचा एक कारागीर द्विध्रुवीय (बायपोलर) आजाराच्या, म्हणजे मन कधी अति उत्साही तर कधी अति उदास होण्याच्या आजाराच्या, उपचारानंतर परत कामावर आला. डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याला रात्रपाळी दिली नाही, कारण झोप मोडली की हा आजार उसळतो. सामूहिक विमा काढताना मानसिक आजाराचा समावेश लेखी मागून घ्यावा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने विमा कंपन्यांवर तशी जबाबदारी टाकलेली आहे.

आडत दुकान, परभणी
सर्वांचे आभार. एक शंका आहे. एखादा शेतकरी गादीवर बसून ‘आता जगण्यात राम नाही’ असे म्हणाला, तर आत्महत्येचा विचार मनात येतो का, हे थेट विचारावे काय? आपणच ती कल्पना त्याच्या डोक्यात घातली असे होणार नाही ना?

संस्थेची कार्यकर्ती, अंबाजोगाई
थेट आणि शांतपणे विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही, उलट माणूस मोकळा होतो. उत्तर ‘हो’ आले तर त्याला एकटे सोडू नये, घरच्या विश्वासू माणसाला बोलवावे, तिथूनच १४४१६ लावावा आणि त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात न्यावे. तुमच्या मोंढ्यातल्या हमाल-मापाड्यांसाठीही हे कसे विचारावे याचे एक सत्र घेता येईल. मार्केटची सुट्टी कोणत्या दिवशी असते ते कळवा.

आडत दुकान, परभणी
अमावस्येला बाजार बंद असतो. सकाळी दहाला या, गाडीभाडे धर्मादाय खात्यातून देऊ.