मदत हवीय: 'मत्स्यगंधा'ची नेमकी कुठली रेकॉर्डिंगं ऐकावीत? आणि पेटी जुळंना, काय करावं?

बिंदुसरा
नमस्कार मंडळी, बीडहून लिहायलेय. आमच्या कॉलनीत कोजागिरीला दरवर्षी तेच ते, चार भावगीतं, दोन कोळीगीतं आणि मग मसाला दूध होईस्तोवर अंताक्षरी. यंदा बायकांनी ठरवलंय की एकाच नाटकाची गाणी घ्यायची आणि जरा नीट बसवायची. 'कट्यार काळजात घुसली' करा म्हणणारे होतेच, पण वसंतराव देशपांड्यांच्या गाण्यातल्या जागा घ्यायला आमच्यात आहे कोण, आणि वर सगळ्यांना 'सूर निरागस हो'च पाहिजे असतं, अहो ते २०१५ च्या सिनेमातलं, मूळ नाटकात नाहीच, हे सांगून सांगून तोंड दुखलं माझं. म्हणून संगीत मत्स्यगंधा ठरलं.

मला माहीत आहे ते एवढंच की नाटक वसंत कानेटकरांचं, गोवा हिंदू असोसिएशननं १ मे १९६४ ला आणलं, संगीत जितेंद्र अभिषेकीबुवांचं, सत्यवती म्हणजे मत्स्यगंधा झालेल्या आशालता वाबगावकर आणि पराशर ऋषी झालेले रामदास कामत. कामत तर २००९ ला आपल्या बीडच्या नाट्यसंमेलनाचे अध्यक्षच होते, तेव्हापासून आमचे सासरे त्यांचे भक्त झालेत, त्यामुळं घरातनं पाठिंबा आहे.

गाणारे म्हणाल तर माझी भाची, बारावीला आहे, गाणं शिकायली, आवाज गोड आहे पण तान घ्यायची भारी हौस. दुसऱ्या शेजारच्या काकू, त्यांचा भजनाचा आवाज. पुरुष गायक एक पण नाही. पेटीला आमचे एक काका, बँकेतून रिटायर झालेले, कानाचे पक्के.

आता अडचण अशी की यूट्यूबवर 'गर्द सभोवती' टाकलं की ढिगानं निघतात, स्पर्धेतली पोरं, मैफिली, कुणाकुणाच्या घरातले व्हिडिओ, आणि भाची नेमकं सगळ्यात जास्त ताना असलेलं उचलते. तिला कुठलं ऐकवू? आणि जुनं रेकॉर्डिंग लावलं की काकांची पेटीच जुळत नाही, काळी एक ही पट्टी (म्हणजे गाण्याचा सा) धरली तर गाणं वर राहतं, पांढरी दोन धरली तर खाली. काका म्हणतात रेकॉर्डिंगच बेसूर आहे, मला काही ते पटंना. तिसरं म्हणजे कामतांची पदं मुलीनं गायली तर चालतील का? जाणकारांनी सांगा की.

पेटीमास्तर परभणी
ताई, पेटी बी बरोबर आहे आणि कामतांचा सूर बी बरोबर आहे, गडबड मधल्या मशीनची आहे. ही गाणी तबकडीवरून टेपवर, टेपवरून कॅसेटवर आणि तिथून कुणीतरी घरच्या कॉम्प्युटरवर घेतलेली असतात, ह्यात कुठंतरी मोटर जरा जोरात नाहीतर हळू फिरलेली असते. हिशोब सोपा आहे, वेग साधारण सहा टक्क्यांनी वाढला की अख्खी एक पट्टी वर जाते, काळी एकची पांढरी दोन होते. तीन टक्के वाढला की बरोब्बर दोघींच्या मधी लटकतं, तुमचं तेच झालंय. आवाज बी जरा पातळ वाटतो आणि लय चढते, पोरं मग तीच लय खरी समजून पळतात.

कंपनीनं स्वतः टाकलेलं रेकॉर्डिंग शोधा, ते मूळ टेपवरून असायची शक्यता जास्त. तरी जुळलं नाही तर फोनमधी स्पीड कमीजास्त करायचं ॲप फुकट मिळतं, एकेक टक्का सरकवत पेटीला लावून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे.

पण खरं सांगू का, रेकॉर्डच्या पट्टीच्या मागं लागूच नका. भाचीची पट्टी आधी ठरवा. तानपुरा ॲप काळी चारला लावा, अंतऱ्यातली सगळ्यात वरची जागा आणि मुखड्यातली सगळ्यात खालची जागा दोन्ही म्हणायला सांगा. वर ओरडायला लागली तर खाली या, खाली पुटपुटली तर काळी पाच बघा. हे तिन्ही चार गाण्यांला वेगवेगळं करा, एकाच पट्टीत सगळा कार्यक्रम गायचा हट्ट नको.

गोदाकाठची
बिंदुसरा ताई, भाचीला आशालताबाईंचंच ऐकवा आणि दुसरं काहीच ऐकवू नका निदान गाणं बसेपर्यंत. 'गर्द सभोवती' ही मुळात बालकवींची कविता आहे, बालकवी गेले १९१८ ला, म्हणजे नाटकाच्या कितीतरी आधीची, ती नाटकात घेतलीय आणि बुवांनी चाल अशी लावलीय की कविता कविताच राहते. बाई मुळात नटी, त्या गाणं दाखवायला उभ्याच नाहीत, एका पोरीची कुणीतरी रानात चौकशी करतंय एवढंच त्यांच्या आवाजात आहे. 'साजणी' हा शब्द त्या कसा सोडतात तेवढं पोरीला ऐकायला सांगा. नंतरच्यांनी तिथं हरकत, म्हणजे गळ्याची छोटी फिरत, घातली की संपलं, कुणाला विचारायलेत आणि काय विचारायलेत काही कळत नाही. बाईंनी स्वतःच्या पुस्तकाचं नाव पण 'गर्द सभोवती'च ठेवलं, एवढं ते गाणं त्यांचं होतं.

'अर्थशून्य भासे' पण त्यांचंच. ते भाचीला देऊ नका, काकूंना द्या. राग मानू नका पण बारावीच्या पोरीला जीवनाचा कलह अर्थशून्य वाटला तर लोक हसतील. भजनाचा आवाज असलेल्या बाईच्या तोंडी ते बरोबर बसंल.

आणि तबकडीवरचं गाणं छोटं वाटलं म्हणून वाढवत बसू नका. त्या काळी तबकडीच्या एका बाजूला जागाच थोडी असायची त्यामुळं रेकॉर्डला आटोपतं घ्यायचे आणि स्टेजवर वन्समोअरला फुलवायचे. आपल्याला वन्समोअर आला तर बघू की 😄

धाराशिवचा
गोदाकाठची ताईंचं आशालताबाईंबद्दल मान्य, पण मत्स्यगंधा म्हणजे शेवटी रामदास कामत हो. 'गुंतता हृदय हे', 'नको विसरू संकेत मीलनाचा', 'देवाघरचे ज्ञात कुणाला', 'साद देती हिमशिखरे', ह्या चार गाण्यांवर नाटकाची गाणी उभी आहेत. माणूस नोकरी एअर इंडियात करायचा आणि रात्री पराशर व्हायचा, आवाज असा की शेवटच्या रांगेतल्याला शब्द न् शब्द कळावा.

मुलीनं गायचं तर 'गुंतता' आणि 'देवाघरचे' चालतील, ती कुणाच्याही तोंडी शोभतात. 'नको विसरू' जमलं तर बघा. पण 'साद देती' मुलीला देऊ नका ही हात जोडून विनंती. सगळं सोडून तपाला निघालेला ऋषी आहे तो, तिथं आवाजाला वजन पाहिजे, नाजूक केलं की सहलीला निघाल्यासारखं वाटतं.

पुरुष गायक नाही म्हणता ते मात्र पटलं नाही. बीड जिल्ह्यात आणि गायक नाही? कीर्तनात मागं उभं राहून चाल म्हणणारे गायनाचार्य गल्लोगल्ली आहेत, चढ्या पट्टीत तास तास गातात बिगर माईकचे. त्यातला एक धरून आणा. फक्त त्याला सांगावं लागंल की मागं पखवाज नाही, तबला आहे आणि तो पण हळू, नाहीतर हिमशिखरं पार वितळून जातील.

बिंदुसरा
अय्यो हे माझ्या डोक्यातच आलं नाही! मागच्या गल्लीत आहेत एक महाराज, सप्ताहात गातात, सासऱ्यांची ओळख आहे. संध्याकाळी सासरे जाऊन पण आले, ते म्हणले नाटकाचं गाणं म्हणत नाही पण 'ब्रह्मसाधना' शब्द आहे म्हणता तर बघू 😂

पेटीमास्तर दादा, ॲपनं जुळलं, तीन टक्के नाही पण जवळपास तेवढंच कमी करावं लागलं. काका आता सगळ्यांना तेच समजावून सांगायलेत. भाचीला काळी चार बरी पडतीय, 'गुंतता'ला मात्र काळी पाच घेतलीय.

आता प्रश्न क्रमाचा. शेवटी 'अर्थशून्य' ठेवलं तर कोजागिरीला लोक उदास होऊन दूध पितील असं काकूंचं म्हणणं. आणि सासऱ्यांना 'प्रथम तुज पाहता' पण पाहिजे, ते कामतांनीच गायलंय पण ते 'मुंबईचा जावई' सिनेमातलं आहे, घ्यावं का?

गोदाकाठची
सासऱ्यांचं घेऊ नका, एकदा दार उघडलं की मग कोळीगीतं पण आत येतील. तुमचा कार्यक्रम आहे तर गोष्ट पकडून लावा: 'गर्द सभोवती', मग 'गुंतता', 'नको विसरू', मग पराशर निघाला म्हणून 'साद देती', त्याच्या पुढं 'देवाघरचे' आणि 'अर्थशून्य'. मधी मधी दोन वाक्यं निवेदन पाहिजेच, कारण पोराटोरांना सत्यवती म्हणजे शंतनूची बायको, भीष्मानं प्रतिज्ञा केली ती हिच्याच लग्नापायी, आणि व्यास तिचा नि पराशराचा मुलगा, हे माहीत नसतं. ते कळलं की 'अर्थशून्य' लोक गप्प बसून ऐकतील.

आणि दुधाच्या आधी गोड शेवट पाहिजे असंल तर एकच नियम मोडा, 'हे सुरांनो चंद्र व्हा' घ्या. 'ययाती आणि देवयानी'मधलं, शब्द शिरवाडकरांचे, संगीत अभिषेकीबुवांचंच. कोजागिरीला ह्याच्याहून बरं काय मिळणार.

धाराशिवचा
+१. चंद्र वर येईल असा टाइम धरा म्हणजे झालं, आणि ढग आले तर आमच्या नावानं बोटं मोडू नका.

बिंदुसरा
फायनल. सासऱ्यांना सांगितलं, ते रुसलेत, पण महाराजांना आणायची जबाबदारी त्यांच्यावरच टाकल्यामुळं गप्प आहेत. महाराजांना 'साद देती'ची कुठली लिंक पाठवू?

पेटीमास्तर परभणी
लिंक आधी पाठवूच नका ताई. ही मंडळी अभंग पाठ करून मग चालीला हात घालतात. मोठ्या अक्षरात शब्द लिहून द्या, दोन दिवसांनी काकांना पेटी घेऊन त्यांच्याकडं पाठवा, पट्टी त्यांची त्यांना ठरवू द्या. मग कामतांचं ऐकवा.