समलिंगी पात्र आणि 'नट म्हणजे नट'

विंगेतून:
परवा इथे एकाने लिहिलं, 'नट म्हणजे नट. मनोज बाजपेयीने 'अलीगढ' सिनेमात समलिंगी प्राध्यापक सिरस उभा केलाच ना? समलिंगी भूमिकेला समलिंगी नटच हवा, तर उद्या खुन्याच्या भूमिकेला खुनी आणणार का?' खाली शंभरेक टाळ्या.

खुन्याची तुलना आधी मागे घ्या. 6 सप्टेंबर 2018 ला सुप्रीम कोर्टाने कलम 377 मधून समलिंगी संबंध वगळले, तोपर्यंत कायद्याच्या पुस्तकात आम्ही गुन्हेगारच होतो. तो निकाल लागून इतकी वर्षं झाली, तरी तुम्हाला पहिलं उदाहरण खुन्याचंच सुचतं.

आता बाजपेयी. एकटे प्राध्यापक, हातात ग्लास, लताबाईंचं गाणं लागलंय आणि ते डोळे मिटून सोबत गुणगुणतायत. तो प्रसंग फार थोड्या नटांना पेलला असता. त्यांच्या कामाबद्दल माझी तक्रार नाहीच. टॉम हँक्सला 'फिलाडेल्फिया'साठी ऑस्कर मिळालं, शॉन पेनला 'मिल्क'साठी. चांगलीच कामं होती. पण अशी भूमिका केली की 'काय धाडस!' म्हणून पाठ थोपटली जाते ती कुणाची? ज्याला संध्याकाळी घरी जाऊन काही लपवायचं नसतं त्याची.

माझा एक मित्र नट आहे, उघडपणे समलिंगी. एका मालिकेच्या नायकासाठी गेला, तर निर्मात्याचा माणूस म्हणाला, 'तुझं सगळ्यांना माहीत आहे रे, आमच्या बायका तुला जावई म्हणून बघायच्या नाहीत.' पुढे एका वेबसिरीजमध्ये समलिंगी पात्र होतं. तिथे सांगितलं, 'चेहरा ओळखीचा हवा.' ओळखीचा होणार कसा, नायक केल्याशिवाय?

नागपूरकर:
सिरस सर नागपूरचे. अलीगढ विद्यापीठात मराठी शिकवायचे, कविता लिहायचे. 'पाया खालची हिरवळ' या संग्रहाला महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार होता. समलिंगी संबंधांवरून फेब्रुवारी 2010 मध्ये विद्यापीठाने निलंबित केलं. एप्रिलमध्ये कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि आठवड्याच्या आत ते गेले. त्यांच्यावरच्या सिनेमात मराठी नट का नाही, हे कुणी विचारलं का? हातचं राखून बोलणारा, परमुलखात एकटा पडलेला मराठी मास्तर आपल्या माणसाला जास्त कळला असता. समलिंगी असण्यावर इथे रान पेटलंय, मराठीपणाचं कुणालाच पडलेलं नाही.

तिसरी घंटा:
विंगेतून, तुमच्या मित्राबद्दल वाईट वाटलं, पण उपाय काय? ऑडिशनच्या फॉर्मवर रकाना टाकायचा? 'हार्टस्टॉपर' वेबसिरीजमध्ये मुलाच्या प्रेमात पडणारा मुलगा करणाऱ्या किट कॉनरचं काय झालं आठवा. अठरा वर्षांचा पोरगा. तू खरा आहेस का, म्हणून लोक इतके मागे लागले की 2022 मध्ये बिचाऱ्याला आपण बायसेक्शुअल आहोत हे सगळ्यांसमोर जाहीर करावं लागलं. तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट'मध्ये 1981 साली रोहिणी हट्टंगडींनी मित्रा केली, बाईवर प्रेम करणारी मुलगी. तेव्हा 'खरी' नटी शोधत बसले असते तर नाटक कपाटातच राहिलं असतं. आणि आपण बालगंधर्वांच्या मुलखातले! पुरुषाने भामिनी केली, सिंधू केली, महाराष्ट्र वेडा झाला. तिथे कुणी विचारलं नाही.

विंगेतून:
कसं विचारणार? बाईला रंगमंचावर जागाच नव्हती. तुम्ही माझाच मुद्दा सांगताय.

संगीतवेडा:
बालगंधर्वांना यात ओढू नका! आमचे आजोबा गंधर्व कंपनीची नाटकं बघून आले की महिनाभर घरात तेच. बायका त्यांची नेसण बघून साडी नेसायला शिकल्या. ती साधना होती. तिला 'जागा बळकावली' म्हणणाऱ्यांनी नुसतं 'एकच प्याला'चं एक पद ऐकावं आणि मग बोलावं.

अकलूजची लेक:
पद ऐकलंय, रडलेयही. तरी प्रश्न राहतोच. त्याच काळात स्टेजवर उभ्या राहणाऱ्या बाईला गावात काय म्हणायचे? चांगल्या घरातल्या बाया 'आंधळ्यांची शाळा'त उभ्या राहिल्या 1933 साली, त्याची केवढी चर्चा झाली! गंधर्व मोठेच, पण त्यांच्या मोठेपणाने बंदी पवित्र होत नाही.

आणि आजचं बोला ना. टीव्हीवर विनोद संपला की पुरुषाला साडी नेसवतात, कंबर हलवायला लावतात. माझा चुलतभाऊ नाजूक चालतो. त्या कार्यक्रमातल्या पात्राच्या नावाने त्याला अख्खी दहावी हाक मारली. शेवटी त्याने शाळा बदलली. ती पात्रं करणारे सगळे बायकापोरं असलेले संसारी नट!

संगीतवेडा:
त्या आचरटपणाचा आणि गंधर्वांचा संबंध जोडता? कमाल आहे. अभ्यास करा जरा.

अकलूजची लेक:
संबंध तुम्ही जोडलात. मी बोलले माझ्या भावाबद्दल, त्यावर तुमच्याकडे एक शब्द नाही. आमच्या गावची रिंकू 'सैराट'मध्ये आली तेव्हाही शहरातले लोक असंच म्हणत होते, अभ्यास नाही, ट्रेनिंग नाही. तिचं बोलणं कुठल्या ट्रेनिंगमधून आलं असतं?

तिसरी घंटा:
भावाचं वाचून राग आला, अगदी खरा. पण बघा, तिथे गुन्हेगार लिहिणारा आहे. दोन पुरुषांच्या प्रेमावरचा 'साबर बोंडं' घ्या. रोहन कानवडे स्वतः समलिंगी, वडील गेल्यानंतरच्या गावातल्या दिवसांतून त्यांना ती गोष्ट सुचली, 2025 ला सनडान्स चित्रपट महोत्सवाचा ग्रँड ज्युरी पुरस्कार घेऊन आले. तो सिनेमा बघताना नटांचं खाजगी आयुष्य कुणाच्या मनात येतं? लिहिणारा आणि दिग्दर्शक आतला हवा. नट कुणीही चालेल.

विंगेतून:
म्हणजे आतला माणूस लागतो, एवढं तरी तुम्ही मान्य केलंत. रकाना मलाही नको, कुणालाच विचारू नका. पण ज्याने आपणहून सांगितलंय त्याला त्याची शिक्षा का? मी समलिंगी भूमिका राखीव मागत नाहीये. माझ्या मित्राला बायको-पोरं असलेल्या माणसाच्या भूमिकेसाठी बोलवा. ते दार उघडलं की बाजपेयींनी वर्षाला दहा सिरस करावेत, मी एक अक्षर बोलणार नाही.

नागपूरकर:
माझ्या मुद्द्याला अजून कुणी उत्तर दिलेलं नाही.

तिसरी घंटा:
आमच्या दोन अंकीत नवऱ्याची भूमिका अजून रिकामी आहे. पन्नाशीतला, बायकोशी अबोला धरलेला माणूस. तालमी गुरुवारपासून. पाठवा त्याला, व्यक्तिगत निरोप करतो. पण काम नाही जमलं तर घेणार नाही, आणि मग त्यावर इथे नवीन धागा काढायचा नाही.

विंगेतून:
पन्नाशी? तो चौतीसचा आहे. तरी पाठवतो.