मदत हवी आहे : किमान वेतन खात्यावर येतं, पण ठेकेदार रोख परत घेतो

माझा धाकटा भाऊ शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत ठेकेदाराकडं आहे, 14 महिने झाले. खात्यावर किमान वेतन पूर्ण जमा होतं, पण दुसऱ्याच दिवशी ठेकेदाराचा माणूस प्रत्येकाकडून 3,500 रुपये रोख परत घेतो. म्हणजे कागदावर सगळं चोख! विचारलं तर, "परवडत नसेल तर सोड." वेतनचिठ्ठी, हजेरी कार्ड काहीच देत नाहीत. पासबुकात दरमहा तीच रक्कम काढल्याची नोंद आहे, "पैसे आणून दे" असे मेसेजही आहेत. सहकारी नाव द्यायला घाबरतात. काम सुटलेलं परवडणार नाही, म्हणून तक्रार अजून केलेली नाही. जुन्या किमान वेतन कायद्यात दाव्याला 6 महिन्यांची मुदत होती, त्याच्या जागी आलेल्या नव्या वेतन संहितेत 3 वर्षं आहे. मग पूर्ण 14 महिन्यांचे पैसे मागता येतील का? आणि सहायक कामगार आयुक्तांपुढं एवढा पुरावा पुरेल का?