सायकल शर्यतींचा हंगाम जानेवारीपासून पाहावा की थेट सानरेमोपासून?

चक्रधर
रस्त्यावरच्या व्यावसायिक सायकलिंगचा हंगाम जानेवारीत ऑस्ट्रेलियातल्या टूर डाउन अंडरने उघडतो, फेब्रुवारीत आखातात आणि स्पेन-पोर्तुगालमध्ये फिरतो, महिनाअखेरीस बेल्जियमच्या ओम्लूप हेट न्यूसब्लाडला पोहोचतो आणि मार्चमध्ये स्त्रादे बियांके, पॅरिस–नीस व तिर्रेनो–आद्रियातिको उरकून मिलान–सानरेमो या मोठ्या एकदिवसीय शर्यतीच्या दाराशी येतो. या दोन-अडीच महिन्यांना बरेच चाहते 'सराव' म्हणून सोडून देतात. मला मात्र वर्षातला हाच काळ सर्वांत मोलाचा वाटतो.

जुलैत टूर दि फ्रान्सच्या 21 टप्प्यांसाठी उतरणाऱ्या संघात कोण कोणासाठी राबणार हे आधीच ठरलेले असते. फेब्रुवारीत ते ठरायचे असते. नवा स्प्रिंटर (शेवटच्या वेगवान झेपेचा गडी) शेवटच्या किलोमीटरमध्ये कोणाच्या चाकामागे विश्वासाने बसतो, आजारपणातून उठलेला गडी चढावर किती वेळ तग धरतो, कालपर्यंत पाण्याच्या बाटल्या वाहणाऱ्या सहायकाला आज मोकळीक मिळते का, हे सारे डोळ्यांसमोर घडत असते. ओम्लूपमध्ये गेरार्ड्सबर्गनची म्यूर ही चढण नीट पाहा. शेवटचा भाग चिंचोळा, दगडी फरसबंदीचा, आणि माथ्यावर एक चॅपेल. बसल्या जागेवरून उठले की मागचे चाक दगडावर घसरते, म्हणून जाणते सायकलस्वार सीटवरून न हलता, हातांची पकड सैल ठेवून वर जातात. कोण उठला आणि कोण बसून राहिला एवढ्यावरून त्या दिवशी कोणाच्या पायांत किती जीव आहे ते कळते, आणि तो अंदाज पुढच्या महिनाभराच्या शर्यतींसाठी कामी येतो.

उतारावरचा
धाग्यातील कळकळ पोहोचली, पण मूळ दावा पटला नाही. सुरुवातीच्या हंगामावरून पुढचे कळते असे मानायचे, तर 2023 चे काय करायचे? त्या वर्षी पॅरिस–नीसमध्ये तादेय पोगाचारने तीन टप्पे आणि एकूण शर्यत जिंकली आणि योनास विंगेगार्ड तिसरा आला. मार्चमध्ये ते पाहून चाहत्याने जो निष्कर्ष काढला असेल तो जुलैत सपशेल खोटा ठरला, कारण विंगेगार्डने टूर दि फ्रान्स साडेसात मिनिटांच्या फरकाने जिंकली. प्रशिक्षकांनी ज्या शर्यती तयारीचा टप्पा म्हणून आखलेल्या असतात त्यांच्यात प्रेक्षकाने अर्थ शोधत बसणे मला तरी व्यर्थ वाटते.

दुसरी गोष्ट वेळेची. एका टप्प्याचे प्रक्षेपण कित्येक तास चालते. वाळवंटातल्या सरळ, सपाट रस्त्यावर दीडशे किलोमीटर एकत्र चालणारा पेलोटॉन, म्हणजे सायकलस्वारांचा मुख्य जथा, आणि शेवटी दोन मिनिटांची स्प्रिंट, असे टप्पे पाहून माझा या खेळातला रस वाढला नाही, उलट आटला. आता मी सानरेमोपासून सुरुवात करतो आणि ऑक्टोबरमध्ये इटलीतल्या लोंबार्दिया शर्यतीला थांबतो.

आडवावारा
वाळवंटातले सपाट टप्पे कंटाळवाणे असतात हे अर्धेच खरे आहे, कारण वारा बाजूने सुटला की त्याच रस्त्यावर शर्यत फुटते. समोरून वारा असेल तर पुढच्याच्या थेट मागे लपता येते. वारा उजवीकडून असेल तर आडोसा मिळतो तो पुढच्याच्या डाव्या बाजूला. म्हणून एकेक जण डावीकडे सरकत रस्त्याच्या रुंदीभर तिरकी रांग धरतो. रस्ता संपला की रांगही संपते. ज्याला त्या रांगेत जागा मिळाली नाही तो डांबराच्या कडेला, अंगावर वारा घेत, एकामागे एक अशा सरळ ओळीत लटकतो. त्या ओळीतल्या एकाने जरी पुढचे चाक सोडले तरी त्याच्या मागचे सगळे गेले. एखादा बलाढ्य संघ वळणाआधी अचानक पुढे सरसावतो तो याचसाठी.

संयुक्त अरब अमिरातीतली टूर आणि पॅरिस–नीसचे पहिले दोन-तीन दिवस मी या वाऱ्यासाठीच पाहतो. पॅरिसच्या दक्षिणेकडची उघडी शेते आणि मार्चमधला वारा यांनी डोंगर दिसण्याआधीच कितीतरी दावेदारांना बाहेर काढले आहे.

चक्रधर
@उतारावरचा, 2023 चे उदाहरण तुम्ही अर्धेच दिलेत. पॅरिस–नीसनंतर एप्रिलमध्ये लिएज–बास्तोन्–लिएजमध्ये पडून पोगाचारचे मनगट मोडले, आणि जुलैच्या निकालाविषयी बोलताना ते मनगट विसरून चालणार नाही. शिवाय ब्रॅडली विगिन्सने 2012 मध्ये आणि एगान बेर्नालने 2019 मध्ये पॅरिस–नीस जिंकून त्याच वर्षी टूरही जिंकली.

पण भाकीत हा माझा मुख्य मुद्दा नव्हताच. या शर्यती त्यांच्या स्वतःच्या हक्काने पाहण्यासारख्या आहेत. 2017 च्या पॅरिस–नीसच्या शेवटच्या दिवशी अल्बेर्तो कोंतादोरने नीसभोवतालच्या डोंगरांत दूरवरून हल्ला चढवला. अंतिम रेषेवर दाविद दे ला क्रूझने त्याला मागे टाकले. पहिल्याला एकूण वेळेतून वजा होणारे 10 बोनस सेकंद, दुसऱ्याला 6. कोंतादोरने एकूण शर्यत सर्जिओ एनाओकडे गमावली ती 2 सेकंदांनी, म्हणजे तो टप्पा जिंकला असता तर शर्यत त्याची होती. कारकिर्दीच्या अखेरच्या वर्षात असलेल्या आणि सर्व काही जिंकून बसलेल्या माणसाने मार्चमधल्या 'सरावा'साठी असा जीव टाकला नसता.

मधुरा_पेडल
मी नियमितपणे महिलांच्या शर्यती पाहते आणि मला धागाकर्त्यांचे म्हणणे मान्य नाही. 2025 ची महिलांची ओम्लूप आठवा. सुरुवातीलाच निसटलेल्या गटाला दहा मिनिटांहून अधिक आघाडी मिळू दिली गेली, पाठलागाची जबाबदारी घ्यायला एकही मोठा संघ वेळेवर पुढे आला नाही, आणि शेवटी त्या गटातल्या लोत्ते क्लासने ऑरेला नेर्लोला मागे टाकून शर्यत जिंकली. क्लासच्या धाडसाला मी मनापासून दाद देते. परंतु जगातल्या उत्तमोत्तम सायकलपटू एकमेकींकडे पाहत राहिल्या, ही शर्यतीच्या दर्जाची उणीवच होती. हंगाम पिकलेला नसतो तेव्हा अशा चुका होतात, आणि चुकांना नाट्य म्हणणे मला पटत नाही. महिनाभर थांबले की हाच पेलोटॉन कितीतरी शहाणपणाने शर्यत खेळतो.

आडवावारा
@मधुरा_पेडल, आपण त्या शर्यतीचे वर्णन अचूक केले आहे, मात्र निष्कर्ष मला उलटा दिसतो. पाठलाग न होण्यामागे बावळटपणा नव्हता. पुढे जाऊन, वारा झेलत जथ्याला ओढणाऱ्या संघाची ताकद संपते आणि फायदा मागे बसलेल्यांना होतो, म्हणून प्रत्येक जण दुसऱ्याची वाट पाहतो. हे गणित एप्रिलमध्येही तेच असते. फक्त तोवर कोणाला ओढावे लागणार याचा अलिखित करार झालेला असतो. तो करार होण्याआधी एखादीला वर्षभरात न मिळणारी संधी मिळते. क्लासने ती ओळखली आणि थंडीत शंभराहून अधिक किलोमीटर राबून कमावली. मला ती त्या वसंतातली सर्वांत देखणी जीत वाटली.

उतारावरचा
2017 चा तो दिवस मला ठाऊक नव्हता. 2 सेकंदांचा हिशेब वाचून मूळ टप्पा पाहावासा वाटला, हे कबूल करतो. तरीही विचारतो: 2025 ची मिलान–सानरेमो मी जानेवारी-फेब्रुवारीतले काहीही न पाहता पाहिली. पोगाचारने चिप्रेस्साच्या चढावर हल्ला केला, माथ्यू व्हान डर पूल आणि फिलिप्पो गाना त्याच्यासोबत राहिले, आणि स्प्रिंटमध्ये व्हान डर पूल, गाना, पोगाचार असा क्रम लागला. माझ्या आनंदात नेमके काय उणे राहिले?

चक्रधर
गाना उणा राहिला. एका तासात 56.792 किलोमीटर कापण्याचा विक्रम करणारा हा धिप्पाड गडी सपाट रस्त्याचा राजा, चढावर जड. पोज्जो या शेवटच्या चढावर तो त्या दोघांपासून तुटला, पुन्हा आला, पुन्हा तुटला, तेव्हा बहुतेकांनी त्याला मोडीत काढले असेल. पण आदल्याच आठवड्यात तिर्रेनो–आद्रियातिकोमध्ये हाच गाना डोंगराच्या टप्प्यावर आपल्याच लयीत, मान खाली घालून, पुढच्यांच्या हल्ल्यांना उत्तर न देता चढत राहिला होता आणि एकूण क्रमवारीत दुसरा आला होता. ते पाहिलेल्याला पोज्जोवर त्याच्या मागे पडण्याची धास्ती वाटली नाही. तो परत येईल याची वाट पाहता आली. पोज्जोचा माथा ते अंतिम रेषा हे साडेपाच किलोमीटर मी त्या खात्रीने पाहिले, आणि तो खरोखर आला.

उतारावरचा
हे उत्तर पटले, पण ते मार्चचे आहे. पुढच्या वर्षी तिर्रेनो पहिल्या दिवसापासून पाहीन आणि पॅरिस–नीसचे वाऱ्याचे दिवसही. जानेवारीबद्दलचे माझे मत अजून तेच आहे.